चुकीला जागाच न ठेवणारा प्रोग्रॅमर

संगणकावर तासभर खपून लिहिलेला मजकूर अजून जतनही केलेला नसे आणि अचानक पडदा निळा होई. त्यावर अक्षरांची आणि आकड्यांची एक अगम्य ओळ उमटे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत. दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे, तर त्याच्यासमोर संगणक शहाण्या मुलासारखा वागे. तो हात हलवत निघून गेला, की दोन दिवसांनी पुन्हा तोच निळा पडदा. घरोघरी संगणक आले, त्या काळात हा अनुभव घेतला नाही असे घर विरळाच.

या निळ्या पडद्यामागे पुष्कळदा एक विशिष्ट प्रकारचे भांडण दडलेले असते. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो सर्वांत आतला गाभा, त्याला कर्नल म्हणतात. मेमरीतली कोणती जागा कोणाला द्यायची, हे हा गाभा ठरवतो. प्रिंटर, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांशी बोलणारे लहान प्रोग्रॅमही बहुधा याच गाभ्यात राहतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. आता एका गजबजलेल्या लॉजची कल्पना करा. बारा नंबरची खोली रिकामी झाली असे समजून मॅनेजरने ती नव्या पाहुण्याला दिली. पण आधीच्या पाहुण्याचे सामान घेऊन हमाल अजून जिन्यातच आहे आणि त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर बारा नंबर लिहिलेला आहे. तो सामान नेऊन त्याच खोलीत ओततो. नव्या पाहुण्याच्या कागदपत्रांचा चुराडा होतो, तक्रार तो करतो, आणि संशयही त्याच्यावरच येतो. हमाल तोवर निघून गेलेला असतो. मॅनेजर म्हणजे मेमरीची व्यवस्था पाहणारा कर्नल आणि हमाल म्हणजे ड्रायव्हर.

हमाल जिन्यात चार पायऱ्या पुढे असता, तर काहीच बिघडले नसते. म्हणूनच ही चूक हजार वेळा यंत्र चालवले तरी एखाद्याच वेळी दिसते, आणि शोधायला बसावे तेव्हा दिसत नाही. तिचा माग काढण्यात प्रोग्रॅमरांच्या रात्रीच्या रात्री जातात. पण या चुकीला शोधत बसण्याऐवजी तिला जन्मच घेऊ देऊ नये, असा हट्ट एका माणसाने संगणकयुगाच्या अगदी आरंभी धरला. त्या हट्टाची किंमतही त्याने मोजली. हा माणूस म्हणजे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर विबे डाइक्स्ट्रा.

पाच ओळींचे संस्कार

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक. आई गणिताची पदवीधर, पण तिने कधी नोकरी केली नाही. त्यांचा दहावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले आणि १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला. त्यांचे शालेय शिक्षण अशा युद्धग्रस्त शहरात झाले.

आईच्या गणिताचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. एखादी सिद्धता पाच ओळींपेक्षा लांबत चालली, तर आपण बहुधा चुकीच्या वाटेवर आहोत असे समजावे, ही तिची शिकवण ते उतारवयातही सांगत. पुढे लाखो ओळींचे प्रोग्रॅम लिहिण्यात धन्यता मानणाऱ्या जगाशी त्यांचे जे कधी पटले नाही, त्याचे मूळ कदाचित या शिकवणीत असावे.

शाळा संपवताना त्यांचा ओढा कायद्याकडे होता. संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करण्याचे स्वप्न होते. परंतु विज्ञानातले गुण इतके उत्तम पडले की आईवडिलांच्या आग्रहाने ते लायडन विद्यापीठात दाखल झाले आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ मध्ये वडिलांच्या पाहण्यात एक जाहिरात आली. केंब्रिजला 'एडसॅक' या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहायला शिकवणारा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. एकवीस वर्षांचे डाइक्स्ट्रा तिथे गेले.

या वर्गाचे प्रमुख होते 'एडसॅक'चे निर्माते मॉरिस विल्क्स. आपल्या उर्वरित आयुष्यातला मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार, हा साक्षात्कार आपल्याला १९४९ मध्ये एके दिवशी जिना चढताना झाला, असे विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले. गुरूने जे भवितव्य मान्य केले, ते या विद्यार्थ्याने पुढे नाकारले.

जो व्यवसायच नव्हता

मार्च १९५२ मध्ये डाइक्स्ट्रा ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये रुजू झाले. हॉलंडमधले ते पहिले प्रोग्रॅमर. तिथली कामाची रीत आज ऐकली तर नवल वाटेल. ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टेन हे दोघे यंत्र बांधत. यंत्र काय करील याचा तपशील आधी कागदावर ठरे, आणि ते दोघे तारा जोडत असतानाच डाइक्स्ट्रा त्या न झालेल्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहू लागत. चालवून पाहण्याची सोयच नव्हती. लिहिलेली प्रत्येक आज्ञा बरोबर आहे की नाही, हे डोक्यातच पडताळावे लागे. चूक नंतर सापडेल, तेव्हा सुधारू, ही सवय त्यांना लागली नाही ती अशी.

भौतिकशास्त्र सोडावे की प्रोग्रॅमिंग, हा प्रश्न त्यांना तीन वर्षे छळत होता. प्रोग्रॅमिंगला ज्ञानशाखा म्हणून कोणतीच प्रतिष्ठा नव्हती. विभागप्रमुख आद व्हान वाइनगार्डन यांच्याकडे त्यांनी १९५५ मध्ये मन मोकळे केले. संगणक आता कायमचेच आले आहेत, आणि ही प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम कदाचित तुमच्याच वाट्याला आले असेल, असे व्हान वाइनगार्डन यांनी त्यांना सुचवले. डाइक्स्ट्रा त्यांच्या खोलीतून बाहेर पडले ते निर्णय घेऊनच.

समाजाला मात्र या निर्णयाचा पत्ता नव्हता. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना नोंदणीच्या कागदावर त्यांनी व्यवसाय म्हणून प्रोग्रॅमर असे लिहिले. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ते स्वीकारले नाही. असा काही व्यवसायच नसतो, हे त्यांचे म्हणणे. अखेर विवाहाच्या दाखल्यावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे नोंदवावे लागले.

ज्या शोधामुळे त्यांचे नाव आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, तो याच काळातला. १९५६ मध्ये 'आर्मॅक' या नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक सामान्य लोकांसमोर करायचे होते. दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता यंत्राने शोधून दाखवावा, हे लोकांना चटकन कळेल, असे त्यांना वाटले. भावी पत्नीसोबत खरेदीला गेले असता थकून दोघे एका कॅफेच्या अंगणात कॉफी घ्यायला बसले. तिथे वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, त्यांनी ती रीत मनातल्या मनात रचली. प्रात्यक्षिकाच्या नकाशात हॉलंडमधील ६४ शहरे होती. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रीतीतूनच पुढे रस्ते शोधणाऱ्या अनेक पद्धती निघाल्या. पेन्सिल हाताशी नसल्यामुळे गुंतागुंत टाळणे भागच पडले, असे ते या शोधाबद्दल सांगत.

दारावरची बेल

लूपस्ट्रा आणि स्खोल्टेन यांचे पुढचे यंत्र 'एक्स-१'. त्यात त्यांना एक नवी सोय करायची होती, ती म्हणजे इंटरप्ट. तोपर्यंत संगणकाला छपाई करायची असली, तर तो टाइपरायटरपुढे ताटकळत उभा राही. गणित करायला मायक्रोसेकंद लागत आणि एक अक्षर उमटायला त्याच्या हजारो पट वेळ. इंटरप्टमुळे उपकरणाच्या हाती जणू बेल दिली गेली. आपले काम संपले की उपकरणाने बेल वाजवावी. संगणकाने हातातले काम तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे, उपकरणाला पुढचे काम द्यावे आणि आपल्या कामाकडे परतावे. त्याचा फुकट जाणारा वेळ यामुळे वाचणार होता.

डाइक्स्ट्रा ही कल्पना ऐकून हादरले. फोडणी करताना बेल वाजली, म्हणून गॅस बारीक करून दार उघडायला जावे, आणि परत आल्यावर मीठ घातले होते की नव्हते हेच आठवू नये, तशी ही अवस्था. शिवाय बेल कोणत्या दोन आज्ञांच्या मधे वाजेल, याचा नेम नाही. आजवर एकच प्रोग्रॅम, एकच माहिती दिली, की यंत्र दर वेळी अगदी तसेच वागत असे. चूक झाली तर तीच चूक पुन्हा घडवून आणता येई आणि पकडता येई. आता यंत्राचे वागणे उपकरणांच्या वेगावर अवलंबून राहणार होते. आपल्या हातून चूक झाली आणि ती पुन्हा दिसलीच नाही, तर ती शोधायची कशी? आणि ती यंत्राची की आपली, हे कसे ठरवायचे?

त्यांनी काही महिने होकार दिला नाही. दोघा मित्रांनी त्यांच्या बुद्धीची स्तुती करून करून शेवटी त्यांना राजी केले. मग मात्र त्यांनी ठरवले, की जी चूक पुन्हा घडवून आणता येत नाही, तिच्याबाबतीत तपासणीवर विसंबणे व्यर्थ आहे. बेल कोणत्याही क्षणी वाजली तरी बिघाड होणार नाही, हे आधीच तर्काने सिद्ध व्हायला हवे. व्यत्यय येताच चालू कामाची प्रत्येक नोंद कुठे ठेवायची, दुसरी बेल किती वेळ ऐकायची नाही, परतताना काय कोणत्या क्रमाने पूर्ववत करायचे, याचा काटेकोर विचार करून त्यांनी उपकरणे हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला. आजच्या भाषेत तो ड्रायव्हरच. तो यंत्राच्या न बदलता येणाऱ्या मेमरीत कायमचा कोरला जाणार होता. नंतर दुरुस्ती धाडण्याची सोय नव्हती. याच कामावरील प्रबंधाला १९५९ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

पुढच्याच वर्षी याप झोनेव्हेल्ड यांच्यासोबत त्यांनी 'एक्स-१'साठी 'अल्गोल ६०' या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. काम तडीस जाईपर्यंत दाढी करायची नाही, असा दोघांचा पण होता. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालू झाला. झोनेव्हेल्ड यांनी लवकरच दाढी उतरवली. डाइक्स्ट्रा यांनी ती जन्मभर ठेवली.

सिग्नलचा खांब

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे 'एक्स-८' हे यंत्र यायचे होते. त्याच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम रचण्याचे काम त्यांनी हाती घेतले. सहाजणांचा गट, आणि तोही अर्धवेळ. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून या प्रणालीला 'टीएचई' हे नाव पडले.

'एक्स-८'ची झटपट चालणारी मुख्य मेमरी ३२ हजार शब्दांची होती. तिच्या जोडीला ५१२ हजार शब्दांचा फिरता चुंबकीय ड्रम. ड्रमच्या एका फेरीला ४० मिलिसेकंद लागत. शिवाय कागदी फीत वाचणारी तीन आणि छिद्रे पाडणारी तीन यंत्रे, दोन टेलिप्रिंटर, आलेखक आणि छपाईयंत्र. एवढ्या सामग्रीवर एकाच वेळी अनेकांचे प्रोग्रॅम चालवायचे होते. मुख्य मेमरीत सगळे मावणे अशक्य; म्हणून मजकुराचे तुकडे सतत ड्रमवर जात आणि परत येत. लॉज लहान, पाहुणे फार आणि हमालांची अखंड ये-जा, अशी ही स्थिती. खोलीच्या वाटपावरून भांडण व्हायला याहून सोयीची जागा नाही.

पहिला प्रश्न असा, की अनेक कामे एकाच वेळी चालू असताना एकाच नोंदवहीत दोघांनी एकदम हात घालू नये, हे कसे साधायचे? डाइक्स्ट्रा यांना उत्तर रेल्वेत सापडले. एकेरी मार्गावर एक गाडी शिरली, की सिग्नल पडल्याशिवाय दुसरीला पुढे जाता येत नाही. कोकण रेल्वेने जाताना क्रॉसिंगसाठी थांबलेल्या गाडीत ज्यांनी वेळ काढला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. डाइक्स्ट्रा यांनी मेमरीतल्या एका साध्या संख्येला सिग्नलचा खांब केले आणि त्याला सेमाफोर म्हटले. त्यावर दोनच क्रिया करता येतात. एक, मार्ग मोकळा असेल तर आत शिरणे, नसेल तर थांबणे. दुसरी, बाहेर पडताना मार्ग मोकळा करणे. डच शब्दांवरून त्यांना दिलेली 'पी' आणि 'व्ही' ही अक्षरे आजही संगणकशास्त्राच्या वर्गात शिकवली जातात.

सिग्नल आले की त्यासोबत कोंडीही येते. अरुंद बोळात दोन बैलगाड्या समोरासमोर याव्यात आणि दोघींनाही मागे सरता येऊ नये, तसे दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या हातातली वस्तू मागत अडकून बसतात. या कोंडीचा अभ्यासही त्यांनी केला. सावकार ज्याप्रमाणे सर्वांची कर्जे अखेर फिटतील अशाच बेताने पैसे देतो, त्याप्रमाणे यंत्राने मेमरी आणि उपकरणे वाटावीत, ही त्यांची रीत प्रसिद्ध आहे. १९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत असाच एक प्रश्न घातला. तोच पुढे गोल टेबलाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे कोडे म्हणून जगभर गेला.

दुसरा प्रश्न मेमरीचा. इथे त्यांनी जो भेद केला तो महत्त्वाचा आहे. मजकुराचा तुकडा वेगळा आणि तो ज्या जागेत ठेवला आहे ती जागा वेगळी. तुकड्याला स्वतःचे नाव दिले. तो या क्षणी मुख्य मेमरीत आहे की ड्रमवर, आणि नेमका कुठे, हे एकट्या व्यवस्थापकाला ठाऊक. बाकी सर्वांनी नावानेच मागणी करायची. हमालाच्या चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहिणेच बंद झाले. पाहुण्याचे नाव तेवढे राहिले. याचा एक अनपेक्षित फायदाही झाला. तुकडा ड्रमवर परत पाठवताना तो मूळच्या जागी ठेवण्याची गरज उरली नाही. ड्रम फिरत असताना जी मोकळी जागा सर्वांत आधी हाताशी येईल, तिथे तो ठेवता येऊ लागला.

तिसरी गोष्ट रचनेची. सारी प्रणाली त्यांनी मजल्यांसारखी एकावर एक उभी केली. तळाशी प्रोसेसरचा वेळ वाटणारा थर. त्यावर मेमरी सांभाळणारा थर. ड्रमची बेलही याच थराने ऐकायची. त्यावर चालकाशी संवाद करणारा थर, त्यावर फीत आणि छपाई यांच्या उपकरणांचा आणि सर्वांत वर लोकांचे प्रोग्रॅम. खालच्या मजल्याने वरच्यासाठी खोळंबून राहायचे नाही. ड्रमचा ड्रायव्हर आणि मेमरीचा व्यवस्थापक हे दोघे अशा रीतीने एकाच मजल्यावर, एकाच शिस्तीत आले. छपाईयंत्राचा ड्रायव्हर वरच्या मजल्यावर असल्याने मेमरीची प्रत्यक्ष जागा त्याच्या हाती लागतच नसे. चुकीची खोली उघडण्याची किल्लीच त्याच्याकडे नव्हती.

दहा मिनिटांच्या चुका

ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील गॅटलिनबर्ग येथे ऑपरेटिंग सिस्टीमवरील परिषदेत डाइक्स्ट्रा यांनी हे काम मांडले. पुढच्या वर्षी ते छापून आले. त्यातला तपासणीचा वृत्तांत आजच्या प्रोग्रॅमरनेही वाचावा असा आहे. तळचा थर आधी एकटाच चालवून पाहिला; तो पुरता पारखून झाल्यावरच त्यावर दुसरा चढवला. प्रत्येक थर लहान असल्याने त्याच्या संभाव्य अवस्था मोजक्या होत्या आणि त्या सर्व तपासता येत होत्या. चुका सापडल्या त्या लिहिण्यातल्या किरकोळ, दर पाचशे आज्ञांमागे एक. त्यातली प्रत्येक चूक यंत्राशी बसून दहा मिनिटांच्या आत सापडली. पुन्हा न दिसणाऱ्या ज्या चुकीच्या भीतीने ते 'एक्स-१'च्या वेळी गारठले होते, ती आलीच नाही.

मात्र याच निबंधात त्यांनी आपले दोन दोषही प्रांजळपणे कबूल केले आहेत. एक, सर्व उपकरणे बिनबिघाड चालतील असे गृहीत धरून त्यांनी फार काळ काम केले. एखादे उपकरण बंद पडल्यावर काय करायचे, हा विचार उशिरा झाला आणि तो जड गेला. दुसरा, प्रणालीचा मोठा भाग लिहून होईपर्यंत तिच्यातल्या चुका शोधायच्या कशा, याचा त्यांनी जवळजवळ विचारच केला नव्हता. त्यातून अनर्थ झाला नाही, याचे श्रेय मात्र त्यांनी स्वतःकडे घेतले नाही.

टीकाकारांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. 'टीएचई' ही एकाच यंत्रासाठी, एकाच भाषेसाठी, एका विद्यापीठापुरती रचलेली प्रणाली होती. त्याच सुमारास अमेरिकेत 'आयबीएम'च्या 'ओएस/३६०'वर सुमारे पाच हजार मनुष्यवर्षांचे श्रम खर्ची पडत होते. ग्राहक, उपकरणे आणि मुदती यांच्या रेट्यात तयार होणारे ते सॉफ्टवेअर सहाजणांच्या शिस्तीत बसवणे शक्य होते का, हा प्रश्न होताच. डाइक्स्ट्रा यांचे उत्तर असे, की जे तर्काच्या कवेत येत नाही, इतके मोठे मुळात रचूच नये. उद्योगांना हे उत्तर परवडणारे नव्हते.

किंमत

यशाच्या पाठोपाठ त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ आला. आइंडहोव्हेनच्या गणित विभागाला संगणकशास्त्र हा आपला विषय वाटत नव्हता. 'टीएचई'चा गट विभागाने मोडून टाकला. पुढे काय करावे हेही डाइक्स्ट्रा यांना सुचेना. १९६८ मध्ये ते तीव्र नैराश्याच्या गर्तेत गेले. त्या वर्षी बाहेरच्या जगात मात्र त्यांचे नाव गाजत होते. प्रोग्रॅममध्ये 'गो टू' ही आज्ञा वापरून वाटेल तिथे उडी मारण्याच्या सवयीवर टीका करणारे त्यांचे पत्र मार्चमध्ये छापून आले होते. त्याला संपादक निकलाउस व्हिर्त यांनी दिलेल्या खळबळजनक शीर्षकामुळे गहजब उडाला होता.

या गर्तेतून त्यांना लिखाणाने बाहेर काढले. सहाजणांनी मिळून जे साधले, ते नेमके कशामुळे साधले, हे स्वतःला समजावून सांगण्यासाठी त्यांनी १९६९ मध्ये एक दीर्घ टिपण लिहिले. प्रोग्रॅम चालवून पाहिला तर त्यात चूक आहे हे कळू शकते. चूक नाही हे त्यावरून कधीच कळत नाही, हा त्याचा गाभा. म्हणून प्रोग्रॅम आणि त्याच्या अचूकपणाची सिद्धता ही दोन्ही हातात हात घालून वाढली पाहिजेत. मोजक्या स्नेह्यांना पाठवलेल्या या टिपणाच्या प्रतींवरून प्रती निघत गेल्या आणि स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग हा शब्द जगभर रूढ झाला. १९७२ मध्ये संगणकक्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. तो स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी प्रोग्रॅमरला नम्रतेचा उपदेश केला. आपली बुद्धी तोकडी आहे हे जो ओळखतो, तोच तिला झेपेल असे काम रचतो, हा त्याचा आशय होता.

१९७३ मध्ये ते 'बरोज' या अमेरिकन कंपनीचे संशोधक झाले. कचेरी म्हणजे न्यूनेन गावातल्या राहत्या घराची अभ्यासिका. १९८४ मध्ये ते टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवत राहिले. गंमत अशी, की संगणकशास्त्राचा हा अध्वर्यू संगणकापासून दूरच राहिला. लिखाण फाउंटन पेनाने, सुबक अक्षरात, खाडाखोडीशिवाय. आपल्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक घातलेली अशी १३०० हून अधिक टिपणे त्यांनी लिहिली आणि छायाप्रती काढून परिचितांना पाठवली.

प्रोग्रॅममधल्या दोषाला कीड म्हणण्याची इंग्रजीतली रूढी त्यांना खटके. कीड आपल्या पायांनी येते. चूक प्रोग्रॅमर करतो. शब्द बदलला, की जबाबदारी कोणाची हे आपोआप स्पष्ट होते, असे ते म्हणत. त्यांच्या फटकळपणाने पुष्कळ माणसे दुखावली हेही खरे. जवळच्यांना मात्र पियानोवर मोझार्ट वाजवणारे आणि पत्नीसह फिरत्या घरासारख्या गाडीतून अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने पालथी घालणारे डाइक्स्ट्रा ठाऊक होते.

कर्करोगाचे निदान झाल्यावर २००२ च्या फेब्रुवारीत ते न्यूनेनला परतले. याच गावात व्हॅन गॉग काही काळ राहिला होता. १४ एप्रिलला डाइक्स्ट्रा यांनी अखेरचे, १३१८ क्रमांकाचे टिपण लिहिले. ६ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

भीती खरी होती

त्यांची भीती अनाठायी नव्हती, याचे पुरावे त्यांच्या हयातीतच मिळाले. १९८५ ते १९८७ या काळात थेराक-२५ या किरणोपचार यंत्रातून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली गेली आणि त्यातले काही दगावले. यामागची एक चूक वेळेच्या झटापटीचीच होती. सवयीच्या चालकाने आकडे झपाट्याने बदलले, की यंत्रातली दोन कामे एकमेकांच्या पुढेमागे होत. हळू काम करणाऱ्याला ती कधी दिसलीच नसती. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागले, तेव्हाही कारण तशाच प्रकारचे निघाले. कमी महत्त्वाच्या कामाने सिग्नल अडवून धरला होता आणि अत्यंत महत्त्वाचे काम त्याच्यामागे खोळंबले होते. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर अभियंत्यांनी तोच प्रसंग घडवून आणला, चूक पकडली आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. सेमाफोर वापरला म्हणजे सगळे सुरक्षित, असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. आणि चूक शोधण्याची साधने यंत्रात आधीपासून असावीत, हाही. डाइक्स्ट्रा यांनी १९६७ मध्ये कबूल केलेला दुसरा दोष नेमका हाच होता.

गॅटलिनबर्गला सुरू झालेल्या त्याच परिषदमालेत २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'एसईएल-फोर' हा कर्नल सादर केला. सुमारे ८७०० ओळींचा हा गाभा ठरलेल्या वर्णनाबरहुकूमच वागतो, याची गणिती सिद्धता त्यांनी दिली. डाइक्स्ट्रा यांचा हट्ट अव्यवहार्य नव्हता, एवढे तरी त्यातून दिसले. त्यासाठी गाभा अगदी लहान ठेवावा लागला आणि ड्रायव्हर गाभ्याच्या बाहेर काढावे लागले. त्यांच्या हाती किती किल्ल्या द्यायच्या, हे प्रत्येक प्रणाली रचणाऱ्याला आजही नव्याने ठरवावे लागते.